कवळी, अडकित्ता आणि 'सेंट्रिक'



मे महिना उजाडला की आपल्या सगळ्यांच्या घरी आई-बाबांची ये-जा सुरू होते. गेल्या वर्षी आमचे बाबा आले ते कोरी करकरीत कवळी घालूनच. "अमेरिकेत दातांचा खर्च परवडायचा नाही" म्हणून निघण्याआधी चार दिवसांत घाईघाईने करून घेतलेली. घरी येऊन बोलायला लागले तर प्रत्येक 'स' ला टक, टक आवाज! भाकरी सोडाच, भेंडीची भाजीही नीट चावता येईना. दोन आठवड्यांत कानापुढे दुखायला लागले. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये कवळी सहसा बसत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे आधी इंटरनेट धुंडाळले. तिथे 'फेसबो' नावाचे उपकरण सापडले. लगेच भारतात फोन. "फेसबो वापरला होता का?" उत्तर आले, "नाही." झाले, आमचे निदान पक्के! ते चुकले होते, पण त्या निमित्ताने जे कळले ते सर्वांना उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

घरातला अडकित्ता आठवा. सुपारी कुठे आणि कशी कातरली जाणार, हे पाते बिजागरीपासून किती लांब आहे यावर ठरते. आपला खालचा जबडाही असाच दोन्ही कानांच्या पुढच्या सांध्यांवर टांगलेला असतो. फिलाडेल्फियाच्या डॉ. बॉनविल यांनी १९व्या शतकातच मोजमापे घेऊन सांगितले होते, की हे दोन सांधे आणि खालच्या पुढच्या दोन दातांमधला बिंदू जोडला तर साधारण ४ इंच बाजूचा समभुज त्रिकोण होतो. अर्थात ही सरासरी झाली. प्रत्येक चेहरा थोडा वेगळा असतो.

कवळी तयार होते ती तोंडात नव्हे, लॅबमध्ये. दोन्ही जबड्यांचे प्लास्टरचे साचे 'आर्टिक्युलेटर' नावाच्या बिजागरीच्या यंत्रावर बसवतात आणि त्यावर दात लावतात. आता वरचा साचा त्या बिजागरीपासून नेमका किती अंतरावर बसवायचा? ते मोजायला फेसबो. दिसायला हा चेहऱ्याभोवती धरलेला मोठा कंपासच. घोड्याच्या नालेसारखा एक काटा मेण लावून वरच्या जबड्याला टेकवतात, दोन टोके कानांत किंवा कानांच्या जरा पुढे आणि तिसरा संदर्भ नाकाच्या मुळाशी किंवा डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेला. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या मागच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे सुमारे १३ मिलिमीटरवर बिजागरीचा अंदाजे बिंदू धरतात. मग ती सगळी चौकट उचलून यंत्रावर ठेवायची. बफेलोच्या डॉ. स्नो यांच्या नावाचा फेसबो फार जुना. त्याच बफेलोच्या हनाऊ कंपनीचे आर्टिक्युलेटर पुढे जगभरच्या डेंटल कॉलेजांत पोचले.

इथल्या एका डेंटल स्कूलच्या क्लिनिकमध्ये बाबांना नेले, तेव्हा आम्ही ऐटीत फेसबोचा विषय काढला. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, साध्या पूर्ण कवळीला फेसबो हवाच का, यावर तज्ज्ञांतच वाद आहे. त्याच्याशिवायही चांगल्या कवळ्या होतात. पण दोन नोंदी कुणालाच चुकवता येत नाहीत. बाबांच्या त्या दोन्ही चुकल्या होत्या.

पहिली उंचीची. आपण स्वस्थ बसलो की वरचे-खालचे दात टेकत नाहीत, मध्ये २ ते ४ मिलिमीटर फट राहते. बाबांच्या कवळीत ती फटच उरली नव्हती, म्हणून टकटक आणि म्हणून स्नायूंना विश्रांती नाही.

दुसरी 'सेंट्रिक'ची, आणि खरा घोळ या शब्दातच आहे. 'सेंट्रिक ऑक्लूजन' म्हणजे दात दातांशी कसे मिटतात ते. 'सेंट्रिक रिलेशन' म्हणजे सांधा खोबणीत कसा बसतो ते. त्याचा दातांशी संबंध नाही. बहुतेकांमध्ये या दोन्हींत मिलिमीटरभराचा फरक असतो. दातच नसलेल्या माणसाला पहिल्याचा आधार नाही, म्हणून दुसऱ्यावर विसंबावे लागते. त्यातही दंतवैद्यांच्या परिभाषाकोशाच्या १९५६ च्या पहिल्या आवृत्तीत ती जागा सांध्याची 'सर्वांत मागची' होती, तर १९८७ च्या पाचव्या आवृत्तीत 'वरची आणि पुढची' झाली! एकच शब्द वापरून दोन डॉक्टर वेगळे बोलत असतील तर नवल नाही.

ही जागा शोधायची युक्ती मात्र फार साधी. "चावा" म्हटले की माणूस नकळत जबडा पुढे काढतो. बाबांनीही तेच केले असणार, शिवाय त्या दिवशी त्यांना व्हिसाच्या कागदांची घाई! त्याऐवजी "जिभेचे टोक टाळूवर मागे न्या आणि हळूच मिटा" असे सांगतात. आणखी खात्री हवी तर एका जबड्याला टोकदार पिन आणि दुसऱ्याला पट्टी लावून जबडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवायला लावतात. पट्टीवर बाणाच्या टोकासारखी रेघ उमटते. जुन्या युरोपीय चर्चच्या कमानीवरून तिला 'गॉथिक आर्च' म्हणतात. त्या बाणाचे टोक म्हणजे सेंट्रिक. बाबांना हा प्रकार इतका आवडला की त्यांनी ती पट्टी फोटो काढायला मागितली.

नवी कवळी व्हायला पाच खेपा आणि सहा आठवडे लागले. यातली चौथी खेप कधी गाळू देऊ नका. त्या वेळी दात नुसते मेणात असतात. बोलून पाहायचे, पन्नास ते साठ आकडे मोजायचे, आरशात बघायचे. चूक दिसली तर मेण वितळवून दात हलवता येतात. एकदा पक्की कवळी झाली की थोडेफार घासणे तेवढे हातात राहते. भारतात करून घेणार असाल तर तिकिटाच्या तारखेआधी निदान दीड-दोन महिने हाती ठेवा, आणि नंतर टोचेल तिथे घासून घ्यायलाही थोडे दिवस राखा.

बाबांनी गणपतीच्या जेवणात उकडीचे मोदक खाल्ले, पण ते काय, कुणीही खाईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी चकलीचा डबा मागितला.