दारावरची थाप कोणाची?

"विहारात भुताची गोष्ट कशाला?" हा पहिला सवाल आला तो आमच्यातल्या सर्वांत जुन्या वाचकाकडून. सोलापूरच्या गिरणीत सूतखात्यात उभी हयात घालवलेले हे काका. त्यांचे म्हणणे असे की, ज्या देवाधर्माच्या आणि भुताखेताच्या भीतीला आपण बाबासाहेबांच्या मागे जाऊन घराबाहेर काढले, तिला पुस्तकाच्या वाटेने परत आत का घ्यायचे?

सवाल रास्त होता. आमच्या वस्तीत रविवारी संध्याकाळी वंदना झाली की दहा-बारा माणसे सतरंजीवर बसतात आणि मोठ्याने काहीतरी वाचतात. बाबासाहेबांचे ग्रंथ असतात, आत्मकथने असतात. आपल्याच जिल्ह्यातल्या शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ने तर दोन रविवार घेतले होते. कोणी विडी वळून आलेली असते, कोणी मागावरची पाळी संपवून आलेला असतो. वाचता न येणारे ऐकतात, आणि पुष्कळदा चांगले प्रश्न त्यांचेच असतात.

त्या दिवशी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने इंग्रजी भयकथा आणली होती. ती म्हणाली, "काका, आधी ऐका तरी. नाही पटली तर पुढच्या वेळी तुम्ही सांगाल ते वाचू." काका बसले. मुलगी मराठीत सांगू लागली.

गोष्ट अशी आहे

कथेचे नाव 'माकडाचा पंजा'. लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स. हा लंडनच्या गोदी भागात वाढलेला माणूस. टपाल खात्याच्या बचत बँकेत कारकुनी करता करता लिहू लागला. एरवी त्याचे नाव खलाशांच्या आणि गोदीतल्या लोकांच्या विनोदी गोष्टींसाठी. ही कथा छापून आली १९०२ साली.

पावसाळी रात्र. घरात म्हातारा, म्हातारी आणि कारखान्यात कामाला जाणारा त्यांचा एकुलता मुलगा. हिंदुस्थानात एकवीस वर्षे नोकरी केलेला एक सार्जंट पाहुणा येतो. त्याच्याजवळ माकडाचा वाळलेला पंजा असतो. एका फकिराने तो मंतरला असून तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा तो पुऱ्या करतो, पण त्यातून दुःखच पदरी पडते, असे सार्जंट सांगतो. तो पंजा विस्तवात टाकतो. म्हातारा उचलून घेतो.

मुलगा थट्टेने सुचवतो, दोनशे पौंड मागा, घराचे देणे फिटेल. म्हातारा मागतो. पंजा आपल्या हातात सापासारखा वळवळला, असे तो ओरडून सांगतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर जातो, आणि मागाहून कंपनीचा माणूस दारात येतो. मुलगा यंत्रात सापडून मेला. कंपनी कसलीही जबाबदारी मानत नाही, परंतु त्याने केलेल्या कामाची जाण ठेवून काही रक्कम देत आहे. किती? दोनशे पौंड.

काही दिवसांनी आई हट्ट धरते की मुलगा परत माग. म्हातारा धजत नाही. त्याने प्रेत पाहिलेले असते, कपड्यांवरून ओळखलेले. तरी बायकोपुढे त्याचे काही चालत नाही आणि तो मागतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग दारावर थाप पडते. बायको विचारते, काय वाजले? म्हातारा म्हणतो, उंदीर. थापा वाढतात. आई कडी काढायला धावते. म्हातारा चाचपडत पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा मागतो. थापा थांबतात. दार उघडले जाते. समोर रिकामा रस्ता आणि दिव्याचा उजेड. गोष्ट संपली.

दोन तट

मुलगी थांबली तसे दोन तट पडले. यंत्रमागावर काम करणारा एक तरुण म्हणाला, "पंजाचा काही संबंध नाही. कारखान्यात माणसं मरतात, त्याला मंतर लागत नाही. वळवळलेला पंजा म्हाताऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जाणवला? थाप कुणा वाटसरूचीही असेल."

समोरून लगेच जबाब आला. मग रक्कम दोनशेच कशी? दीडशे का नाही? आणि तिसरी इच्छा मागताच थाप नेमकी कशी थांबली?

लेखकाने दोन्ही बाजूंना पुरावा दिला आहे आणि निकाल दिलेला नाही. दाराबाहेर कोण होते हे कोणालाच दिसत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा ज्यांनी वाचनालयातून आणून रात्री जागून वाचल्या आहेत, त्यांना ही गंमत ठाऊक आहे. चांगली भयकथा भूत दाखवत नाही. आपण ते किती लवकर पाहू लागतो, हे दाखवते.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. कागदावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिले 'घडले', दुसऱ्या बाजूला 'मानले'. मुलाचा मृत्यू, दोनशे पौंड, दोघांनी ऐकलेली थाप, रिकामा रस्ता, हे 'घडले'मध्ये गेले. पंजाची शक्ती आणि दाराबाहेरचा मुलगा 'मानले'मध्ये गेले. पंजाची वळवळ कुठे लिहावी, यावर बराच वेळ वाद झाला. कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना हेच शिकवले होते. परंपरेने चालत आले किंवा थोर माणसाने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. काकांच्या कपाळावरची आठी इथे जरा सैल झाली.

मावशी बोलल्या

तोवर गप्प बसलेल्या एक विडी कामगार मावशी म्हणाल्या, "त्या घरात सगळी पंजाकडं बघत बसली. आमच्या घरात माझ्या पायाकडं बघत होती."

त्यांचे लग्न होऊन दीड वर्ष झाले होते. नवरा एका गिरणीत होता. यंत्राच्या पट्ट्यात त्याचे कपडे अडकले आणि तो गेला. सासूने भर वस्तीत सांगितले की ही पांढऱ्या पायाची आहे, हिनेच माझ्या पोराला खाल्ले.

"एक माणूस आला, पैसे ठेवले, कागदावर अंगठा घेतला. पट्ट्यावर जाळी का नव्हती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मलाच वाटायचं, असेल माझ्या पायात काहीतरी."

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने काका म्हणाले, "जाळ्या नसायच्याच. आम्हाला ते दिसत होतं. आम्हीही बोललो नाही."

वाचकहो, कथेतला खरा प्रश्न आम्हाला तेव्हा उमगला. कारखान्यात माणूस मेला की घरचे लोक त्याचा दोष कोणावर ठेवतात? पंजावर, नशिबावर, की नव्या सुनेच्या पायांवर? तोवर 'आमची जबाबदारी नाही' असे सांगून गेलेला माणूस सुखरूप घरी पोहोचलेला असतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण 'पांढऱ्या पायाची' हा शब्द नुसत्या कायद्याने घरातून जात नाही. तो घरातल्यांनीच काढावा लागतो.

दोनशे पौंड आणि आपला हक्क

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. कामावर असताना कामामुळे अपघाती मृत्यू आला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही वारसांना भरपाई मिळते. म्हणजे ती मालकाची मेहेरबानी नव्हे. शिवाय मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडे जमा करायची असते. थोडी आगाऊ रक्कम सोडली, तर वारसाच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, असे त्या कायद्याने ठरवून दिले. मावशींच्या अंगठ्याचा कागद आठवा. भरपाईचा हा हक्क २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. ज्या कामगाराचा हा विमा आहे, त्याच्या वारसांना कामावरील मृत्यूनंतर विम्यातून दरमहा रक्कम मिळते. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने धोक्याच्या फिरत्या यंत्रांना कुंपण घालणे बंधनकारक केले होते.

सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. पण चादरी-टॉवेलचे माग चालू आहेत आणि धोकाही आहे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण गेले. त्यात कामगार होते, तसे मालकाच्या कुटुंबातलेही होते. म्हणून घरातल्या कमावत्या माणसाचे हजेरीचे व पगाराचे कागद आणि विम्याचा क्रमांक कुठे ठेवला आहे, हे घरातल्या बाईला ठाऊक असले पाहिजे. त्या रविवारी आमच्यातल्या चार घरांनी ते कागद शोधून काढले.

तुमच्याही वस्तीत

अशी बैठक कोणालाही घेता येईल. गोष्ट अर्ध्या तासात संपणारी असावी. एकाने सांगावी, शेवट झाल्यावर लगेच अर्थ सांगू नये. आधी बायामाणसांना आणि मुलांना बोलू द्यावे. मग कागदावर रेघ ओढावी.

थाप कोणाची, यावर आमचे अजून एकमत नाही. उठता उठता मावशींनी विचारले, "बाहेर पोरगा नसेलही. पण आईनं दाराकडं धावू नये का?" यावर तरुणाकडे उत्तर नव्हते, काकांकडेही नव्हते. काकांनी मात्र त्या मुलीला बजावले की पुढच्या रविवारीही अशीच एक गोष्ट घेऊन ये.

जयभीम.