विश्लेषण : शहराने दिवे मालवले आणि ‘अ‍ॅरोकॉथ’चा आकार कळला

अकोटहून अकोला साधारण ४५ किलोमीटर. सूर्यमालेच्या टोकाला फिरणारा ‘अ‍ॅरोकॉथ’ हा बर्फाळ पिंड लांबीला जेमतेम ३६ किलोमीटर, म्हणजे या रस्त्याहूनही आखूड. तो आहे पृथ्वीपासून सुमारे ६६० कोटी किलोमीटरवर. एवढ्या लहान पिंडाचा आकार यान तिथे पोहोचण्याआधीच कसा कळला?

हा पिंड नेमका कुठे आहे?

नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ पिंडांचा ‘कायपर पट्टा’ आहे. प्लूटोही तिथलाच. अ‍ॅरोकॉथ सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला जवळपास ३०० वर्षे घेतो. हबल दुर्बिणीने तो २०१४ मध्ये टिपला. प्लूटोजवळून पुढे गेलेल्या ‘नासा’च्या ‘न्यू होरायझन्स’ यानाला पुढचा मुक्काम म्हणून तो निवडला गेला.

दिवे का मालवावे लागले?

यानाचा वेग ताशी सुमारे ५१ हजार किलोमीटर. चुकले तर मागे वळणे नाही. त्यामुळे पिंडाची जागा आणि आकार आधीच हवा होता. पण हबललाही तो फक्त ठिपकाच दिसत होता. मग सावलीचा आधार घेतला गेला. पिंड एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की तारा क्षणभर दिसेनासा होतो आणि पिंडाएवढीच सावली पृथ्वीवरून सरकत जाते.

जून २०१७ मधील पहिला प्रयत्न फसला. १७ जुलै २०१७ रोजी सावली अर्जेंटिनातून जाणार होती. कोमोदोरो रिवादाविया शहराच्या परिसरात २४ दुर्बिणी ओळीने लावल्या गेल्या. पथदिवे बंद झाले, महामार्ग काही काळ थांबवला गेला आणि वारा अडवायला स्थानिकांनी ट्रक आडवे लावले. पाच दुर्बिणींना तारा लपलेला दिसला. त्या पाच नोंदी जुळवल्यावर पिंड एकसंध गोळा नसून जोडगोळी असावी, असा अंदाज आला.

अंदाज खरा ठरला का?

होय. १ जानेवारी २०१९ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून ३ मिनिटांनी यान पिंडापासून ३,५०० किलोमीटरवरून गेले. रेडिओ संदेश पृथ्वीवर पोहोचायला सहा तासांहून अधिक लागले. छायाचित्रांत एकमेकांना चिकटलेले दोन चपटे, लालसर गोळे दिसले.

त्याचे महत्त्व काय?

आपल्या वऱ्हाडातील लोणारला अतिवेगाने आदळलेल्या पिंडामुळे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. अ‍ॅरोकॉथचे दोन गोळे मात्र माणसाच्या चालीइतक्या संथ वेगाने जुळले असावेत. धडकेच्या खुणा तिथे जवळपास नाहीत. ग्रहांची पहिली बीजे आदळआपटीतून नव्हे, तर हळूहळू एकत्र येऊन तयार झाली, या मताला त्यामुळे बळ मिळाले. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा हा पुरावा कडाक्याच्या थंडीत, शीतगृहात ठेवल्यासारखा टिकून आहे.

अकोटहून काय करता येईल?

अ‍ॅरोकॉथ इथून दिसणार नाही. मात्र मंगळ आणि गुरूदरम्यानच्या लघुग्रहांमुळे तारे लपतात, त्यांच्या नोंदी हौशी निरीक्षकही घेतात. त्यासाठी लहान दुर्बीण, अचूक वेळ आणि काळोख हवा. पहिल्या दोन गोष्टी विकत मिळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी अजून उरलेला काळोख मात्र जपावा लागेल. पथदिव्यांचा उजेड आभाळाऐवजी रस्त्यावरच पडेल, एवढी काळजी घेतली तरी सुरुवात होईल.