चार बोटं खाली : कामठी रोडवर गाडी लोअर करण्याचं गणित

कामठीत स्प्रिंग म्हटलं की आधी ट्रक डोळ्यांपुढे येतो. आसपास वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आणि कन्हानची वाळू. माल वाहणाऱ्याला धास्ती एकच, गाडी मागून बसू नये. म्हणून पाट्यांच्या थप्पीत एखादा जादा पाटा चढवायचा, ही ट्रकवाल्यांची जुनी रीत. जुलै २०१८ मध्ये केंद्राने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन आसांच्या ट्रकची २५ वरून २८.५ टनांवर नेली. रस्त्यावर जे चाललं होतं, त्याच्या थोडं जवळ कागद आला.

मोटारींच्या हौशी पोरांचं मात्र उलटं. चाक आणि मडगार्ड यांच्यातली चार बोटांची फट दोन बोटांवर आली की गाडी ‘बसलेली’ दिसते, आणि तीच त्यांना हवी असते. त्यासाठी कंपनीचे स्प्रिंग काढून आखूड, कडक स्प्रिंग टाकायचे. नागपूरहून कामठीकडे जाताना एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक या पट्ट्यात आता खाली जुना रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये. पुलावर कुठलीही गाडी गुणी वाटते. परीक्षा पूल उतरल्यावर, कामठीच्या दिशेने निघाल्यावर सुरू होते.

हौस कुठून आली

गाडी खाली आणण्याची हौस दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमध्ये रुजली. स्प्रिंग कापायचे, डिकीत वाळूची पोती टाकायची आणि सावकाश मिरवायचं. कॅलिफोर्नियाने १९५८ पासून रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली असण्यावर बंदी घातली. पोरांनी त्यावरही तोड काढली. १९५९ मध्ये रॉन अगीरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले; पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. युरोपात हाच शौक शर्यतीच्या अंगाने वाढला आणि आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्यांनी तयार स्प्रिंगसंच बाजारात आणले. पूर्वी चाकणला बनणाऱ्या पोलो या मोटारीमुळे त्यातली काही नावं आपल्याकडच्या पोरांच्याही तोंडी बसली.

वेढा कापला की काय होतं

गुंडाळी स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, गुंडाळीचा व्यास आणि काम करणारे वेढे. १२ मिलिमीटर तार, १२० मिलिमीटर सरासरी व्यास आणि पाच वेढे असा स्प्रिंग घेतला, तर तो एक मिलिमीटर दाबायला साधारण २.४ किलोचा भार लागतो. तीच तार १३ मिलिमीटरची केली की कडकपणा ३८ टक्क्यांनी वाढतो, कारण जाडीचा चौथा घात हिशेबात येतो. आणि पाचातला एक वेढा ग्राइंडरने उडवला तर २.४ चे ३ किलो होतात. म्हणजे कापलेला स्प्रिंग आखूड तर होतोच, शिवाय पंचवीस टक्के कडकही होतो. कापताना टोक तापलं तर पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. स्प्रिंगचं शेवटचं टोक रबराच्या बैठकीत बसावं म्हणून घडवलेलं असतं. कापल्यावर ते टोकच जातं आणि गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग जागेवरून सुटू शकतो. स्वस्तातला हा उपाय म्हणूनच आधी बाद.

तयार संच घेतला तरी एक हिशेब चुकत नाही. खड्ड्याचा किंवा उंचवट्याचा दणका पचवायला चाकाला वर जाण्यासाठी जागा लागते. ती ८० मिलिमीटर होती आणि गाडी ४० ने खाली आणली, तर निम्मी उरली. निम्म्या जागेत तेवढाच दणका पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवा. बाजारातले संच बहुतेक २० ते ३० टक्केच कडक असतात, कारण चौपट कडक गाडीत कोणी बसणार नाही. उरलेला दणका बंप स्टॉपच्या रबरावर, शॉकअपवर आणि शेवटी पाठीच्या मणक्यांवर जातो. कंपनीचे शॉकअप मऊ स्प्रिंगसाठी बनवलेले असतात. कडक स्प्रिंगचा उलटा झटका त्यांना आवरत नाही, गाडी डुलत राहते आणि तेलाची सील लवकर गळू लागते. म्हणून जाणता मेकॅनिक पहिला प्रश्न शॉकअपचा विचारतो.

फक्त पुढचे दोन बदलून पैसे वाचवायचे म्हटलं तर तिथे मॉरिस ऑली आडवा येतो. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेल्या या इंजिनिअरने १९३० च्या दशकात एका गाडीवर वजनं इकडून तिकडे हलवून प्रयोग केले. त्याच्या लक्षात आलं की पुढचं सस्पेन्शन मागच्यापेक्षा मऊ असेल तर गाडी मागेपुढे झुलत नाही. पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, मागचं नंतर. मागचं थोडं चपळ असलं की ते पुढच्याला गाठतं आणि दोन्ही टोकं एका तालात शांत होतात. पुढचेच स्प्रिंग कडक केले की हा ताल मोडतो. पाया नीट बांधला नाही तर विदर्भाच्या काळ्या मातीवर रस्त्याला लाटा येतात, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा रस्त्यावर हा फरक लगेच कळतो.

वळणावरचा फायदाही वाटतो तेवढा सरळ नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आली की खालचा आर्म चाकाकडे चढता होतो, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढल्याने कलण्याचा जोर वाढतो. कडक स्प्रिंग तो आवरतो म्हणून गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी वाटते. पंचवीस-तीस मिलिमीटरपर्यंत हे जमून जातं, त्याखाली महाग पडत जातं.

गतिरोधकाशी गाठ

आता टेप घेऊन रस्त्यावर येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ९९’ या मानकानुसार सर्वसाधारण वाहतुकीचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो; ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडावा, अशी त्याची रचना. छोट्या गाडीच्या दोन आसांत साधारण २.४५ मीटर अंतर. ती अशा गतिरोधकावर मधोमध आली की चारही चाकं त्याच्यावरच असतात आणि पोटाखाली उंचवटा भरतो फक्त ४४ मिलिमीटर. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावरून चाळीस मिलिमीटर खाली आणलेली गाडीही आरामात जाते.

घासते ती गल्लीतल्या उंचवट्यावर. रात्रीतून टाकलेला, जेमतेम दोन फूट रुंद सिमेंटचा ढिगारा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे पूर्ण मावतो. तो १२० मिलिमीटर उंच आहे असं धरू. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ असेल तर ४५ शिल्लक. मागे तिघं जण आणि सामान मिळून २०० किलो भरले तर मागची बाजू ४० मिलिमीटरने बसते, मधे २० कमी होतात, तरी गाडी निघते. हीच गाडी ४० ने लोअर केलेली असेल तर रिकामी असताना कशीबशी पाच मिलिमीटरने वाचेल. भरली की घासणारच. पोटाच्या पुढच्या भागात सर्वांत खाली असतं ते तेलाचं चेंबर. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिरात नेताना ते फुटलं, तर स्प्रिंगवर वाचवलेले पैसे टोइंगमध्ये जातात.

बसवताना

काम तसं अर्ध्या दिवसाचं, पण पाच-सहा जागी नजर हवी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, स्टँडवर घ्यायची. स्ट्रट बाहेर काढल्यावर स्प्रिंग दाबायचा शिकंजा दोन्ही बाजूंनी सारखा आवळायचा. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात तोडण्याएवढी ताकद असते. त्याच्या समोर तोंड न्यायचं नाही. वरचा नट हवेच्या गनने फिरवला की शॉकअपचा दांडा आतल्या आत फिरतो आणि सीलला इजा होते, म्हणून दांडा पान्याने धरून नट हातानेच सोडावा. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेला टेकलं की नाही ते बोटाने चाचपून पाहावं.

घाईत हमखास राहून जाते ती बुशची गोष्ट. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला की तीच त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून हे बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळायचे. मग थोडी चालवून स्प्रिंग बसू द्यायचे आणि अलाइनमेंट करायचं, नाहीतर टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्यावा.

कायदा कोणाला धरतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्प्रिंग त्यात येतात का, यावर दुकानदार हवा तेवढा वाद घालतील. पण सुटे भाग मागाहून बसवण्याचा उल्लेख त्या कलमात स्पष्ट आहे. तेव्हा स्प्रिंग विकत घेण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. वॉरंटी शिल्लक असेल तर हौस थोडी लांबणीवर टाकावी.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ सुद्धा आहे. रस्त्याचं बांधकाम किंवा देखभाल सुरक्षामानकांनुसार केली नाही आणि त्यातून कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. गाडीमालकाला गाडी बदलली एवढ्यावरच शिक्षा. रस्ता चुकीचा बांधणाऱ्याला मात्र माणूस मेल्यावर किंवा जायबंदी झाल्यावरच. गाडी खाली आणायचीच असेल तर पंचवीस मिलिमीटरवर थांबा, शॉकअप जोडीने घ्या आणि त्याआधी घर ते ऑफिस वाटेतला सर्वांत वाईट गतिरोधक मोजा. ३.७ मीटरच्या ऐवजी दोन फूट भरला तर ते माप एका अर्जावर लिहून नगरपरिषदेत द्या, कारण तो उंचवटा तुमच्या चेंबरच्या कितीतरी आधी मागे मूल घेऊन चाललेल्या दुचाकीला पाडतो.