अर्धं कापड कुणाचं?

कायद्याचं पुस्तक केवढं असतं? जाडजूड असलं तरी हातात धरता येतंच की! पण ग्रीसच्या क्रीट बेटावरल्या गॉर्टिन शहरात कायदा मावायला अख्खी भिंत लागली. 12 रकाने, सहाशेहून जास्त ओळी, सगळं दगडात कोरलेलं, इ.स.पू. 450 च्या सुमाराला. 1884 मध्ये फेदेरिको हाल्बहेर या इटालियन संशोधकाला पाणचक्कीच्या पाटाजवळ ही अक्षरं दिसली.

वाचायची कशी? पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. नांगराचे बैल शेताच्या टोकाला वळतात ना, अगदी तशी! शिवाय शब्दांमध्ये मोकळी जागाच नाही.

एवढ्या खटाटोपाने लिहिलंय काय? घरोघरची भांडणं!

समजा, वडील वारले. गावातलं घर आणि गुरंमेंढरं मुलांची. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन भाऊ, एक बहीण आणि दहा ऑलिव्हची झाडं असली तर? भावांना चार-चार, बहिणीला दोन. कमीच की! पण त्या काळच्या अथेन्समध्ये भाऊ असलेल्या मुलीला वारसाहक्कच नव्हता. लग्नात हुंडा दिला की झालं.

नवराबायको वेगळे झाले, तर बायकोने लग्नात आणलेली मालमत्ता तिचीच. तिच्या जमिनीत पिकलेल्यातलं अर्धंही तिचं. आणि तिने घरात विणलेलं कापड? त्यातलंही अर्धं! दोष नवऱ्याचा असेल, तर वर पाच स्टेटर, म्हणजे चांदीची नाणी. आपलं नसलेलं काही तिने उचलल्याचा आरोप झाला आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर आर्टेमिस देवीसमोर शपथ घ्यायची.

हे नियम मुख्यतः स्वतंत्र नागरिकांसाठी बरं का. गुलामांचे वेगळे, आणि बरेच कमी उदार.

ज्या मुलीला वडील नाहीत, भाऊही नाही, तिला सगळी मालमत्ता मिळे. पण मग तिने लग्न करायचं सख्ख्या काकाशी! मालमत्ता घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून. मला तर हा नियम वाचूनच राग आला. सुटकेची एक वाट मात्र होती. मोठी झाल्यावर तिने नकार दिला, तर गावातलं घर आणि उरलेल्यातलं अर्धं स्वतःकडे ठेवायचं, बाकीचं काकाला द्यायचं आणि आपल्याच कुळातला, आवडेल तो नवरा करायचा.

आणि दत्तक? तो भर चौकात! भाषणं करायच्या दगडावरून सगळ्या नागरिकांसमोर जाहीर करायचं. पुढे मन बदललं, तर त्याच दगडावरून दत्तक मोडताही येई. फक्त आधी न्यायालयात दहा स्टेटर भरायचे. ते जात त्या नाकारलेल्या मुलाच्या हातात.