जाळ कोणत्या अवस्थेत असतो?

साल 1991. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा व्हायला अजून आठ वर्षं होती. मी आठवीला विज्ञान शिकवत होतो आणि फळ्यावर दरवर्षीचे ते तीन चौकोन काढले होते. पहिल्यात ठिपके दाटीवाटीने बसलेले, दुसऱ्यात जरा सैल, तिसऱ्यात कुठेही विखुरलेले. घन, द्रव, वायू. लोखंड, पाणी, वाफ. पोरांनी वहीत उतरवून घेतलं की धडा संपला.

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. मुलाचे वडील एका राईस मिलमध्ये बॉयलरच्या भट्टीत धानाचा कोंडा टाकायचं काम करत. त्याने विचारलं, "गुरुजी, जाळ कोणत्या अवस्थेत असते जी?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "वायू. बस खाली."

तो बसला नाही. "मंग हवा दिसत नाही अन् जाळ दिसते, ते काऊन?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं सांगायचं सोडून मी त्याला अभ्यासक्रमातलं विचारायला सांगितलं, वर दोन शब्द जास्तीचे सुनावले. त्या मुलाने वर्षभरात पुन्हा हात वर केला नाही. दहावीनंतर तो वडिलांच्याच मिलमध्ये लागला.

त्याच दिवशी घरी येऊन मी एक पोस्टकार्ड लिहिलं होतं. डॉ. जयंत नारळीकरांची एक पद्धत तेव्हा बऱ्याच जणांना ठाऊक होती. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठव, उत्तर सहीसकट येईल. आणि ते येत असे. मी प्रश्न लिहिला, पत्ता लिहिला, पुण्याचं आयुका. मग खाली नाव लिहिताना हात अडखळला. विज्ञानाचा शिक्षक असून याला जाळ म्हणजे काय हे माहीत नाही, असं त्यांना वाटलं तर? कार्ड एका पुस्तकात ठेवलं. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेल्याची बातमी ऐकली, तेव्हा ते कार्ड आठवलं. अजून त्याच पुस्तकात होतं.

आता उत्तर. चौतीस वर्षं उशिरा का होईना.

तीन चौकोनांपुढे चौथा चौकोन आहे. वायू तापवत गेलो की एका टप्प्यावर अणूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. उरलेले धनभारित अणू आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांची जी खिचडी होते, तिला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज प्लाझ्मा, पेटलेल्या ट्यूबलाइटच्या पोटातलं तेही प्लाझ्मा, आणि सूर्य म्हणजे प्लाझ्माचा गोळाच. किती तापमानाला किती अणू फुटतील याचं समीकरण मेघनाद साहा यांनी 1920 साली मांडलं. ताऱ्यांचं तापमान त्यांच्या प्रकाशावरून वाचायची किल्लीच जगाच्या हाती आली. विश्वात डोळ्यांना किंवा दुर्बिणींना जे काही झळकताना दिसतं, त्यातलं बहुतेक या चौथ्या चौकोनातलं आहे. आपला घन-द्रव-वायूचा धडा म्हणजे विश्वाच्या एका थंडगार कोपऱ्यातली गावकी!

चौकोन तिथेही संपत नाहीत. उलट्या दिशेने, थंडीकडे गेलं तर सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 च्या गणितातून निघालेली एक अवस्था आहे. तिच्यात हजारो अणू आपापलं वेगळेपण सोडून एकाच अणूसारखे वागतात. 1995 साली अमेरिकेत ती प्रत्यक्ष तयार झाली, निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा कोट्यवधीवा भाग एवढ्या थंडीत. पण माझं मन रमतं ते दडपणाकडच्या टोकाला. सूर्यापेक्षा बराच मोठा तारा जळून संपला की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो आणि इलेक्ट्रॉन-प्रोटॉन एकमेकांत चेपून न्यूट्रॉन होतात. आख्ख्या सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि गोळ्याचा व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर.

हे आमच्या धानपट्ट्याच्या मापाने सांगतो. त्या द्रव्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला तर त्याचं वजन पन्नास-साठ लाख टन भरेल. मालगाडीच्या एका रेकमध्ये साधारण अडीच हजार टन तांदूळ जातो. म्हणजे गोंदिया जंक्शनवरून रोज एक रेक भरून सोडला, तर त्या एका दाण्याइतकं वजन पोचवायला सहा वर्षं लागतील. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला. पहिल्यांदा शून्य चुकलं असेल असंच वाटलं.

असे न्यूट्रॉन तारे शोधणारं एक यंत्र आपल्याच राज्यात आहे. निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत मी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला उतरलो आणि तिथून नारायणगावजवळच्या खोडदला गेलो. (ही गाडी गोंदिया ते कोल्हापूर धावते. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. त्यांच्या आणि माझ्या गावात बदलावी लागेल अशी एकही गाडी नव्हती, आणि मी एक कार्ड टाकलं नाही!) विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, लोकांना पाहता येते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना, पार पंचवीस किलोमीटरच्या आवाक्यात, द्राक्षमळ्यांच्या मध्ये. जवळ गेल्यावर कळतं की तबकडी भरीव नाहीच, बारीक तारांची जाळी आहे. रेडिओ लहरींना ती आरशासारखी, आणि वारा मात्र आरपार जातो. गोविंद स्वरूप यांची ही कल्पकता. भरीव पत्र्याचा खर्च आपल्याला झेपला नसता. 2004 साली इथल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर एका तारकागुच्छात एक न्यूट्रॉन तारा शोधला. तो सेकंदाला सुमारे दोनशे गिरक्या घेतो. तिथे शाळेतल्या मुली मार्गदर्शकाला एकामागून एक प्रश्न विचारत होत्या. तोही दोनदा म्हणाला, "हे मला विचारून सांगावं लागेल." मी बाजूला उभा राहून ऐकत होतो.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हवा दिसत नाही आणि जाळ का दिसतो? हा प्रश्न भट्टीच्या दारातून सरळ विश्वाच्या कडेपर्यंत जातो, हे मला फार उशिरा कळलं.

प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, म्हणून लांबचं पाहणं म्हणजे जुनं पाहणं. मोठ्या दुर्बिणी जितक्या दूर पाहतात तितकं तरुण विश्व त्यांना दिसतं. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं मानलं जातं. तर मग आणखी, आणखी दूर पाहत गेलो तर थेट आरंभ दिसायला हवा. तो दिसत नाही. आरंभानंतरची पहिली 3,80,000 वर्षं सगळं विश्वच प्लाझ्मा होतं. मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊ देत नाहीत, इकडून तिकडे भिरकावत राहतात. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे धुकं पडलं की येणाऱ्या गाडीचा दिवा दिसत नाही, उजळलेलं धुकं दिसतं. तसंच ते. तापमान तीन हजार अंशांवर आलं तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंत जाऊन बसले, धुकं निवळलं आणि प्रकाश सुटला. तो आजही सगळीकडून येतो आहे, पण ताणला जाऊन इतका थंड झालाय की आता शून्याच्या वर पावणेतीन अंशच उरलेत. 1965 साली पेन्झियास आणि विल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी तो सापडल्याचं जाहीर केलं. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपला की पडद्यावर मुंग्या यायच्या ना? त्यातली शंभरात एखादी मुंगी या प्रकाशाची असायची.

म्हणजे आपल्या दृष्टीची हद्द पोकळीने आखलेली नाही. ती एका अवस्थेने आखली आहे, चौथ्या चौकोनाने. दुर्बीण कितीही मोठी केली तरी प्रकाशाने त्या जाळाच्या आत डोकावता येत नाही.

ही हद्द किती लांब आहे? इथे माझा बराच काळ गोंधळ होत होता. वय 1380 कोटी वर्षं, मग अंतर 1380 कोटी प्रकाशवर्षं असायला हवं. पण पुस्तकं सांगतात 4,600 कोटींच्या आसपास. गलोलीसाठी आपण सायकलच्या ट्यूबची पट्टी कापायचो, ती आठवा. पट्टीवर मुंगी चालते आहे आणि तुम्ही पट्टी ताणत आहात. मुंगी मागे टाकत आलेलं अंतरही वाढत राहतं. तो प्रकाश निघाला तेव्हा ती जागा आपल्यापासून सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवरच होती. पट्टी अकराशे पट ताणली गेली.

भिंतीच्या अलीकडेही बराच अंधार आहे. पहिले तारे पेटण्याआधी बहुतांशी हायड्रोजनच होता आणि त्याची रेडिओ कुजबुज ऐकणं हा जीएमआरटीच्या मूळ आखणीतला एक मोठा हेतू होता. तितका लांबचा आवाज अजून हाती आलेला नाही. पण 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनकडून निघालेली लहर खोडदने टिपल्याचं जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालं. भिंतीच्या पलीकडून यायला मज्जाव नाही तो गुरुत्वीय लहरींना. त्या पकडणारं यंत्र, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. केंद्राने 2023 साली 2,600 कोटी रुपये मंजूर केले. ते आद्य काळाच्या लहरी ऐकेल अशी अपेक्षा कोणी धरलेली नाही, त्याचं काम न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं यांच्या टकरींचं. तरी मराठवाड्याच्या माळावर हे होणार याचं अप्रूप वाटतंच.

आणि एक सांगायला हवं. ज्यांना मी प्रश्न विचारणार होतो त्या नारळीकरांना एकाच महास्फोटातून सारं सुरू झालं हे मान्य नव्हतं. फ्रेड हॉईल यांच्या बरोबरीने त्यांनी वेगळी मांडणी केली आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला असताना ते शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. मला स्वतःला पुरावा महास्फोटाच्या बाजूचा वाटतो. पण आठवीतल्या पोराच्या प्रश्नाला ते "बस खाली" म्हणाले नसते, एवढं खरं.

जून 2025 मध्ये मी त्या मिलमध्ये गेलो. तो आता बॉयलर सांभाळतो, केस माझ्याइतकेच पांढरे. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, हसला. "तुमच्या ध्यानात आहे जी अजून?"

मी त्याला सगळं सांगितलं. प्लाझ्मा, धुकं, भिंत. अमेरिकेत ब्रुकहेवनला सोन्याच्या अणूंची केंद्रकं एकमेकांवर आदळवून सूर्याच्या गाभ्यापेक्षा अडीच लाख पट तापमान गाठलं, आणि जे निघालं ते वायूसारखं नव्हे, द्रवासारखं वाहणारं, हेही सांगितलं. त्याच्या भट्टीतला जाळ मात्र तितका तापलेला नाही. त्यातले अगदी थोडे अणू फुटतात, बाकी तो तापलेला वायूच.

"नाही जी, निस्ता वायू नाही," तो म्हणाला. भट्टीचं दार उघडून त्याने लोखंडी सळई पिवळ्या जाळात धरली, बाहेर काढली. टोकावर काजळी. "हे दाणे तापून लाल-पिवळे होते, म्हणून जाळ दिसते. निळा राहते तिथं काजळी येत नाही, अन् तो उजेडात दिसतबी नाही. मी मिलमध्ये लागलो त्याच वर्षी पाहून ठेवलं होतं."

बरोबर होतं. पुस्तकात हेच आहे, तापलेल्या काजळीचे घन कण. मी ते त्याला सांगायला विसरलो होतो.

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात त्याची नजर वर घड्याळाकडे गेली. काटा खाली येत होता. त्याने फावडं उचललं.

"स्टीम उतरली जी, गुरुजी. जरा बाजूला व्हा."