थीसिस जमा झाल्यानंतर

इंदूरच्या छत्रीबागेतल्या ज्या घरात कुणी पीएच.डी. करत असते, तिथे लग्नकार्यात एक प्रश्न ठरलेला असतो: ‘थीसिस दिलीस ना, मग किती टक्के पडले?’ पीएच.डी.च्या शोधप्रबंधाला, म्हणजेच थीसिसला, टक्के पडतच नाहीत. प्रबंध स्वीकारला जातो, दुरुस्तीसाठी परत येतो किंवा नाकारला जातो. गुण मिळतात ते एम.ए., एम.एस्सी.च्या लघुशोधप्रबंधाला. तिथे लेखनाचे आणि तोंडी परीक्षेचे गुण इतर विषयांसारखेच गुणपत्रिकेत चढतात, आणि ते प्रकरण तिथेच मिटते. मोठ्या प्रबंधाचा प्रवास मात्र लांबचा आहे, तो टप्प्याटप्प्याने पाहू.

इथले प्रबंध बहुधा इंदूरच्याच देवी अहिल्या विद्यापीठात जातात. पण परीक्षणाचा सांगाडा देशभर एकच आहे. तो विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत आखून दिला आहे. विद्यापीठे त्यावर आपापले तपशील चढवतात. म्हणून आपली नोंदणी कोणत्या सालच्या नियमांखाली झाली, हे आधी पाहून घ्यावे. २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध छापून येणे सक्तीचे होते. २०२२ मध्ये आयोगाने ती सक्ती काढली. बरोबरच्या मैत्रिणीला जे लागू आहे तेच आपल्याला असेल असे धरून चालणारे इथेच फसतात.

पहिला टप्पा कोर्सवर्कचा. संशोधनाच्या पद्धती शिकवणारा हा छोटा अभ्यासक्रम किमान १२ क्रेडिटचा असतो आणि त्यात ५५ टक्के लागतात. नातेवाइकांना सांगण्याजोगे टक्के एवढेच.

मग येते रूपरेषा, जिला सगळे सिनॉप्सिस म्हणतात: काय शोधणार, कसे शोधणार, आधी कोणी काय लिहून ठेवले आहे. ती विद्यापीठाने नेमलेल्या समितीपुढे मांडावी लागते. या टप्प्यावर थोडे थांबू या, कारण शेवटी जे बिघडते त्याचे मूळ बहुधा इथे सापडते.

समजा, आपल्याला छत्रीबागेतल्या होळकरांच्या छत्र्यांवर काम करायचे आहे. उत्साहाच्या भरात आपण शीर्षक देतो ‘होळकरकालीन स्मारके’. आत मात्र इंदुरातल्या छत्रीबाग आणि कृष्णपुरा, एवढ्याच दोन ठिकाणांचे काम आहे. चार-पाच वर्षांनी परीक्षक पहिला प्रश्न विचारतात: यात होळकरांचे महेश्वर कुठे आहे? प्रश्न रास्तच आहे. परीक्षक प्रबंध मोजतात तो शीर्षकाच्या पट्टीने. आपण जेवढे वचन दिले, तेवढे पाळले का, हे ते पाहतात.

दुसरी चूक याहून नेहमीची. प्रबंधात प्रश्नच नसतो, नुसते वर्णन असते. छत्रीची लांबी, रुंदी, दगड, कोरीवकाम, छायाचित्रे. सगळे मेहनतीने जमवलेले. पण १८१८ नंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली, त्याचा या बांधकामांवर काही परिणाम दिसतो का? खर्च कुठून झाला, याची नोंद दप्तरांत मिळते का? असा एखादा प्रश्न धरला की त्याच छायाचित्रांना पुरावा म्हणून किंमत येते. एरवी ती पर्यटनाच्या पुस्तिकेत शोभतील.

काम सुरू झाल्यावर संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडायची असते. अनेकांना हा सोपस्कार वाटतो. माझ्या मते हीच खरी तालीम. समितीतल्या सदस्याने सहज घेतलेला आक्षेप पुढे परीक्षकाच्या अहवालात जशाचा तसा उतरलेला दिसू शकतो. तेव्हा त्या दिवशीच्या सूचना तारखेसह वहीत लिहून ठेवाव्यात. प्रवेशापासून किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात, पुढे नियमांप्रमाणे मुदतवाढ असते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना २ वर्षे जास्तीची सवलत आहे.

प्रबंध तयार झाला की प्री-सबमिशन, म्हणजे जमा करण्यापूर्वीचे सादरीकरण. इथे प्राध्यापक आणि इतर शोधार्थी प्रश्न विचारतात. सुचवलेले बदल खरोखर करायचे असतात. ‘योग्य तेथे समावेश केला आहे’ असे पत्र जोडून सुटका होत नाही.

आता सगळ्यांना धास्ती वाटते तो टप्पा: वाङ्मयचौर्याची तपासणी. संगणक आपला मजकूर उपलब्ध लेखनाशी ताडून साम्याचा टक्का काढतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० टक्के असल्यास सुधारित प्रबंध देण्यास वर्षभर बंदी, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. स्रोत सांगून दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या टक्क्यात धरत नाहीत. पुष्कळजण टक्का खाली आणायला वाक्यांतले शब्द फिरवत बसतात. त्याने आकडा उतरतो, चोरी तशीच राहते, आणि भाषा इतकी वाकडी होते की जाणत्या परीक्षकाला ते दुसऱ्या परिच्छेदात कळते. दुसऱ्याचे वाक्य घ्यायचेच असेल तर अवतरणचिन्हांत घ्यावे, नाव द्यावे, मोकळे व्हावे.

प्रबंध आणि शुल्क भरल्याची पावती विद्यापीठाच्या आरएनटी मार्गावरच्या नालंदा परिसरात दिली, की आपले हात रिकामे होतात आणि वाट पाहणे सुरू होते. प्रबंध मार्गदर्शक तर तपासतातच, शिवाय विद्यापीठाच्या नोकरीत नसलेले किमान दोन बाह्य परीक्षक असतात; शक्य असेल तिथे त्यांतला एक परदेशातला असावा, असा नियम आहे. साधारणपणे नावांची यादी सुचवली जाते आणि त्यातून निवड विद्यापीठ करते. निवड गोपनीय असते. मौखिक परीक्षा आणि निकाल धरून सगळी प्रक्रिया ६ महिन्यांत संपावी, असे नियमावली सांगते. उशीर होतो तेव्हा परीक्षक खवट आहेत असा तर्क घरोघरी लढवला जातो. कित्येकदा मात्र परीक्षकाची संमतीच आलेली नसते. आपण दर महिन्याला लेखी, सौम्य चौकशी करावी; ओळखीने परीक्षकाचे नाव काढायला मुळीच जाऊ नये.

मग अहवाल येतात. दोन्ही बाह्य परीक्षकांनी अनुकूल शिफारस केली, सुचवलेल्या दुरुस्त्या झाल्या, की मौखिक परीक्षेचा मार्ग मोकळा. एकाने नाकारले तर प्रबंध यादीतल्या तिसऱ्याकडे जातो. तिसऱ्याचा होकार आला तरच पुढे. त्यानेही नाही म्हटले तर प्रबंध नामंजूर.

‘दुरुस्ती करा’ म्हणजे नापास नव्हे. इंदूरजवळच्या महूत जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला. तो फेरमांडणीसाठी परत आला. ऑगस्ट १९२३ मध्ये त्यांनी तो पुन्हा दिला आणि नोव्हेंबरात तो मान्य झाला. पुढे त्याच ग्रंथाला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि लेखकाशी आपले कुठे पटत नाही, हेही तीत सांगितले. परीक्षकाला आपले म्हणणे पटावेच लागते असे नाही. ते पुराव्यावर उभे आहे एवढे दिसावे लागते.

म्हणून अहवालाला उत्तर देताना एक तक्ता करावा. एका बाजूला परीक्षकाची सूचना, दुसऱ्या बाजूला आपण केलेला बदल आणि पान क्रमांक. एखादी सूचना मान्य नसेल तर तसे कारणासह लिहावे. गप्प राहून ती गाळणे सगळ्यात महाग पडते.

मौखिक परीक्षा, रोजच्या बोलण्यातला व्हायवा, खुली असते. मंडळात मार्गदर्शक आणि किमान एक बाह्य परीक्षक असतात. ती ऑनलाइनही घेता येते. विभागातले प्राध्यापक आणि विद्यार्थी येऊन बसू शकतात. बहुतेकजण इथे सगळी प्रकरणे एकामागून एक वाचून दाखवतात आणि वेळ संपतो. त्याऐवजी आपला प्रश्न, आपली पद्धत आणि आपल्याला सापडलेली नवी गोष्ट एवढेच ठामपणे सांगावे. ‘यातून आधी माहीत नसलेले काय कळले?’ हा प्रश्न येणारच. छत्र्यांच्या अभ्यासकाने याचे उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवावे. जे पाहिले नाही त्याबद्दल ‘ते माझ्या कामाच्या कक्षेत नव्हते’ असे सांगायला संकोच नको. उगाच ओढून-ताणून दिलेले उत्तर पुढचे पाच प्रश्न ओढवून आणते.

पदवी देण्यापूर्वी प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यावी लागते. गांधीनगरच्या या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ती कुणालाही वाचता येते. ही प्रत दुरुस्तीनंतरचीच आहे ना, हे दोनदा पाहावे. पदवीची अधिसूचना, म्हणजे नोटिफिकेशन, निघाली की तिच्यातले नाव आणि शीर्षक दहावीच्या गुणपत्रिकेशी आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठाशी अक्षरशः ताडावे. मराठी आडनावांतल्या ‘ळ’चा हिंदी कारकुनीत सर्रास ‘ल’ होतो, आणि तो पदवीवर छापला गेल्यावर बदलून घेण्यासाठी शपथपत्र, अर्ज आणि नालंदा परिसराचे हेलपाटे हे सगळे नव्याने सुरू होते.