तबकडी आपली, गाणं कुणाचं?

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ रोजी एक नवा नियम लागू झाला. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःपुरती नक्कल काढली, तर तो यापुढे कॉपीराइटचा भंग मानला जाणार नव्हता. तोवर तो भंगच होता. २००१ साली आयपॉड आला आणि लाखो ब्रिटिशांनी आपल्याच कपाटातल्या सीडी संगणकावर चढवून ती गाणी खिशात घालून फिरायला सुरुवात केली. कायद्याच्या लेखी हे सगळे कसूरवार! हा नियम बदलावा अशी शिफारस २००६ मध्ये गॉवर्स समितीनं आणि २०११ मध्ये हारग्रीव्ह्ज समितीनं केली. त्यानंतर कुठे सरकार हललं.

नवा नियम जेमतेम साडेनऊ महिने टिकला. गीतकार-संगीतकारांच्या आणि वादकांच्या संघटना लंडनच्या उच्च न्यायालयात गेल्या. घरातल्या नकलेमुळे कलावंताचं नुकसान होत असेल, तर युरोपीय कायद्यानुसार त्याला भरपाई द्यायला हवी, ती कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. नुकसान नगण्य आहे, कारण लोक नक्कल काढणार हे दुकानातल्या किमतीत आधीच धरलेलं असतं, असं सरकारचं म्हणणं. त्याला पुरेसा पुरावा नाही, असा निकाल न्या. ग्रीन यांनी जून २०१५ मध्ये दिला आणि १७ जुलैला नियम रद्दच झाला. आपली सीडी आपल्याच संगणकावर घेणं ब्रिटनमध्ये पुन्हा बेकायदा ठरलं.

दुकानातून आपण काय आणतो?

सीडी विकत घेतली की बारा सेंटिमीटर व्यासाची ती तबकडी आपली होते. ती भाच्याला द्या, रद्दीवाल्याला विका, नाहीतर शेतात पाखरं हुसकायला टांगा, कुणी अडवणार नाही. तिच्यावरच्या गाण्याची नक्कल काढण्याचा हक्क मात्र निर्मात्याकडेच राहतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४ हेच सांगतं. ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट कोणत्याही इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हीसुद्धा त्या कलमानुसार नक्कलच आहे. दुसरी तबकडीच तयार केली पाहिजे असं नाही. गाणी हार्ड डिस्कवर चढवली तरी नक्कल झाली. जवळपास सगळ्या देशांचे कायदे इथूनच सुरू होतात. ते वेगळे पडतात ते अपवादांमध्ये.

यंत्रावरून झालेली भांडणं

दिवाणखान्यात बसून नक्कल काढणाऱ्या माणसाला शोधणार कसं? त्यामुळे हक्कदारांनी मोर्चा वळवला तो यंत्र विकणाऱ्यांकडे. टेपरेकॉर्डर घरोघरी पोचल्यावर जर्मनीनं १९६५ च्या कायद्यात एक व्यवहारी तोड काढली. लोकांनी घरात नक्कल खुशाल काढावी, पण यंत्र बनवणाऱ्यानं ठरावीक आकार भरावा आणि तो पैसा कलावंतांत वाटला जावा. युरोपातल्या अनेक देशांनी पुढे हाच मार्ग धरला. ब्रिटननं तो धरला नाही, आणि २०१५ मध्ये नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं.

अमेरिकेत सोनीच्या बेटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवर युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी १९७६ मध्ये दावा लावला. तो सात वर्षांहून अधिक चालला. टीव्हीवरचा कार्यक्रम सवडीनं बघण्यासाठी घरी टेप करून ठेवणं रास्त आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं दिला. सोनी जिंकली. तीच सोनी १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्सची आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्सची मालक झाली. २००५ साली तिच्या भागीदारीतल्या सोनी बीएमजी या कंपनीनं नक्कल रोखण्यासाठी काही सीडींवर असा प्रोग्राम घातला, की तो ग्राहकाच्या संगणकात लपून बसे आणि इतर व्हायरसांनाही आडोसा देई. बोंबाबोंब झाल्यावर त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. यंत्र विकत होती तेव्हा नक्कल रास्त. गाणी विकू लागल्यावर तीच नक्कल डोळ्यांत खुपू लागली.

कुलूप आलं

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीला मुळात कुलूप नव्हतं. ९६ साली जपानमध्ये अवतरलेल्या डीव्हीडीला ते होतं: चाळीस बिटांच्या किल्लीचं सांकेतिक कुलूप. पाठोपाठ १९९८ मध्ये अमेरिकेनं असं कुलूप फोडणंच बेकायदा ठरवलं. काही ठरावीक सवलती सोडल्या, तर ते कशासाठी फोडलं हे तिथे विचारात घेतलं जात नाही. आपल्या मालकीच्या डीव्हीडी संगणकावर साठवून देणारं एक सॉफ्टवेअर रियलनेटवर्क्स कंपनीनं बाजारात आणलं, तेव्हा २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं त्याची विक्री थांबवली.

नॉर्वेत उलटं घडलं. डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्राम १९९९ मध्ये पसरवणाऱ्या योन योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलावर खटला भरला गेला. तुम्हीच विकत घेतलेली तबकडी तुम्ही उघडलीत, यात घरफोडी कसली, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. २००३ मध्ये आधी खालच्या न्यायालयात आणि मग अपिलातही तो निर्दोष सुटला.

आपल्याकडे काय?

आपल्या कायद्यात खासगी वापरासाठी रास्त वापराची मुभा पूर्वीपासून होती. पण ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरती. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट त्या यादीत नव्हते. म्हणजे पुस्तकातलं पान उतरवून घेणाऱ्याला आधार होता, कॅसेटवरून कॅसेट करणाऱ्याला नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनं हे बदललं. २१ जूनपासून कलम ५२ मध्ये 'कोणतीही कृती' असे शब्द आले आणि संगणक प्रोग्राम वगळता सगळ्याला खासगी किंवा व्यक्तिगत रास्त वापराची मुभा मिळाली. या कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणूक केली तर तो भंग नाही, असं स्पष्टीकरणही सोबत जोडलेलं आहे. प्रोग्रामांसाठी वेगळं पोटकलम आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्याच्या भीतीनं राखीव प्रत काढून ठेवता येते.

त्याच दुरुस्तीत कुलपाचं कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या इराद्यानं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात 'इराद्यानं' हा शब्द कळीचा आहे, कारण कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडलं, तर हे कलम आड येत नाही. अमेरिकेपेक्षा हे खूपच मोकळं आहे. मात्र एक गमतीची अट आहे. कुणी दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत केली, तर त्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. डीव्हीडी 'कॉपी करून देणाऱ्या' संगणकवाल्यानं, कायद्याप्रमाणे, गिऱ्हाइकांची वही ठेवायला हवी!

आता प्रश्न 'रास्त' म्हणजे काय, हा. त्याची व्याख्या कायद्यात नाही. हेतू काय, किती भाग घेतला, मूळ मालाच्या विक्रीला धक्का बसतो का, हे न्यायालय बघतं. मूळ तबकडी घरात आहे आणि नक्कलही घरातच राहते, तेव्हा आपली बाजू भक्कम असते. नक्कल ठेवून मूळ तबकडी विकून टाकली की ती लंगडी पडते. सोसायटीच्या ग्रुपवर गाणी टाकली, तर खासगीपणच संपलं. चोरबाजारातल्या नकली डीव्हीडीची नक्कल काढून ती रास्त होत नाही. आणि पूर्वी गाण्यांची यादी दिली की नाक्यावरचा दुकानदार कॅसेट भरून द्यायचा, तो तर सरळ धंदाच होता. महाराष्ट्रानं २००९ मध्ये 'व्हिडिओ पायरेट' हा शब्द एमपीडीए या धोकादायक गुन्हेगारांविरुद्धच्या कायद्यात घातला आणि झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या पंगतीला त्यांना बसवून स्थानबद्धतेची तरतूद केली. रोख होता तो धंदेवाल्यांवर.

मराठी घरांतल्या तबकड्यांचा विचार केला, तर कुलपाचा प्रश्न बहुतेकदा उद्भवतच नाही. भावगीतांच्या, कीर्तनांच्या ऑडिओ सीडींना कुलूप नसतं आणि नाटकं-सिनेमे ज्यांवर आले त्या व्हीसीडींनाही नसतं. मोझर बेअर कंपनीनं स्वस्त व्हीसीडींचा सपाटा लावला तेव्हा त्या पुष्कळ घरांत आल्या. मौज म्हणजे हीच कंपनी कोऱ्या तबकड्याही बनवायची, म्हणजे नकलेचा कच्चा माल आणि ज्याची नक्कल काढायची तो माल, दोन्ही एकाच कारखानदाराचे.

मुभा उशिरा आली

२०१२ साली ही मुभा आली तोवर तबकडीचे दिवस भरत आले होते. आता गाणं सहसा विकत मिळत नाही, महिन्याच्या भाड्यानं मिळतं. ॲपमधलं 'डाउनलोड' वर्गणी संपली की बंद पडतं. टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचं ॲप या खटल्यात, ग्राहक गाणी खासगी वापरासाठीच उतरवून घेतात, असा बचाव ॲपवाल्या कंपनीनं केला होता. गाणी विकून आणि भाड्यानं देऊन कमाई करणाऱ्या कंपनीला ग्राहकाच्या सवलतीआड लपता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये सुनावलं. ही मुभा माणसासाठी आहे, मधल्या दुकानासाठी नाही.

म्हणून ज्यांच्याकडे तबकड्या आहेत, त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये. सीडीवरचा मजकूर लेबलाच्या अगदी खाली असतो, त्यामुळे चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक. नव्या लॅपटॉपांना सीडीचा कप्पा नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो. नक्कल काढा, घरातच ठेवा, आणि मूळ तबकडी वेष्टनासकट जपून ठेवा. ब्रिटनच्या रसिकांना जे जेमतेम साडेनऊ महिने मिळालं, ते आपल्याला २०१२ पासून मिळालेलं आहे. ते वापरणारे मात्र फार थोडे आहेत.